ऊन दांडा, गार मूठ

“चावली ना आज पण?” आत्याबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

भाजलेला तळवा तोंडाशी धरून दुसरी फुंकर घालत होती. दुधाचं पातेलं चुलीपुढं कलंडलं होतं. निम्मं दूध राखेत मुरलं होतं आणि उरलेलं जमिनीच्या उतारानं आत्याबाईच्या पायाकडं निघालं होतं. आत्याबाईनं पाय उचलून दुधाला वाट करून दिली.

“फडकं धरलं होतं मी,” दुसरी म्हणाली.

“फडक्यानं काय होतंय? जित्या माणसाचे दात असते तर फडकं पुरलं असतं.”

दोन उन्हाळ्यांमागं लोहाराची पहिली बायको तापानं गेली. तिच्या मागं या घरात आली म्हणून हिला सगळा गाव दुसरी म्हणायचा. ती कुंभाराची लेक. लहानपण मडकी भाजायच्या आव्याच्या धगीत गेलं आणि लग्न होऊन पडली लोहाराच्या भट्टीशी. आगीतून फुफाट्यात, असं तिचा भाऊ पाठवणीच्या वेळी हसत म्हणाला होता. तेव्हा तीही हसली होती.

घर गावाच्या टोकाला होतं. पुढं भट्टी, मागं दोन खोल्या, आणि त्यापलीकडं नुसतं काळं रान. उन्हानं त्या रानाला अशा भेगा पडल्या होत्या की शेळीचं करडू चालता चालता मधेच थांबून खाली वाकून बघायचं. दुपारचा वारा सुटला की धूळ उठायची आणि दाराची कडी आपोआप वाजायची. कडी वाजली की लोहाराची ही म्हातारी आत्याबाई सुपारी कातरायची थांबून दाराकडं बघायची, आणि आत्याबाई बघते म्हणून दुसरीही बघायची. दारात कुणी नसायचं.

तरी पहिली घरात होतीच. ती भांड्यांत होती, असं आत्याबाई म्हणायची. दुधाचं पातेलं, भाताचं पातेलं आणि तवा, तिन्ही लोखंडी, तिन्हींना वीतभर लांब दांडे. ही तिची भांडी. चुलीवरून उतरवायला दुसरीनं दांडा धरला की चटका बसायचा, आणि दरवेळी एकाच जागी, तळव्याच्या मधोमध, आडवा. जुना फोड फुटायच्या आत त्याच्यावर नवा यायचा. ती ओलं फडकं गुंडाळून धरायची. मग तर आणखीच लवकर भाजायचं, आणि फडक्यातून ‘स्स्स’ असा आवाज यायचा.

“ऐकलंस?” आत्याबाई म्हणायची. “राग आला की अशीच दातांतून हवा ओढायची ती. मला पण चावलीय. म्हणून तर मी चुलीपुढं बसायचं सोडलं. ती गेल्यावर तुझा नवराच स्वतः रांधायचा. त्याला मात्र कधी चावली नाही. नवरा ना तिचा.”

हे मात्र खरं होतं. दुसरीनं डोळ्यांनी बघितलं होतं. लोहार जेवायला आत यायचा, रटरटणारं भाताचं पातेलं उघड्या हातानं दांड्याला धरून उचलायचा, खाली ठेवायचा. खाली ठेवल्यावरही हात लगेच सोडायचा नाही. घटकाभर दांडा तसाच धरून बसायचा, कुणाचा तरी हात धरल्यासारखा. मग सोडायचा आणि जेवायला लागायचा. तेवढ्या वेळात तो या घरात नसायचा.

“आत्याबाई म्हणतात, ही भांडी डोहात सोडून दुसरी आणावीत,” तिनं एकदा त्याला म्हटलं होतं.

“भांड्यांना हात लावायचा नाही,” तो म्हणाला. एवढंच. घणाच्या घावासारखं बोलणं, एकदा पडलं की पडलं.

“हात लावल्याशिवाय रांधू कशी मी?”

त्यावर तो उठून भट्टीकडं गेला.

दूध सांडलं त्या दिवशी दुसरीनं मनाशी ठरवलं. येत्या बाजाराला भाऊ मडक्यांची गाडी घेऊन येणार होता. परत जाताना गाडी रिकामीच असते. त्या गाडीत बसायचं. नवऱ्यानं मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं; माहेरी काय सांगायचं हाच प्रश्न होता. मेलेली बाई नांदू देत नाही म्हणून आले, असं सांगायचं?

सांगायच्या आधी ते खरं तरी आहे का, हे बघावं असं तिला वाटलं. मडकं कच्चं की पक्कं हे कुंभाराची लेक बोटानं वाजवून बघते, कुणी सांगितलं म्हणून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं चूल पेटवायच्या आधी दुधाच्या पातेल्याचा दांडा डाव्या हातानं हळूच धरला. दांडा गार होता. साधा गार नव्हता, बर्फागत लागला. शेजारची लाकडी फळी तिनं चाचपली. ती काही एवढी गार लागेना. रात्रभर फळी आणि पातेलं एकाच खोलीत, एकाच हवेत होती. मग एक गार आणि एक नाही, हे कसं? तिनं दांडा धरूनच ठेवला. हळूहळू तो गार लागायचा कमी झाला, आणि तेवढ्या जागी तिचाच तळवा थंडगार पडला.

म्हणजे दुपारी हे ऊन देतं आणि पहाटे माझ्या हाताची ऊब घेतं, ती मनात म्हणाली. भूत असतं तर ते आपल्या वेळेनं आलं असतं. हे तर चुलीच्या वेळेनं येतंय.

लोहार नवे विळे-कोयते गंजू नयेत म्हणून त्यांना मेण चोळायचा. त्या मेणाचा गोळा भट्टीतल्या कोनाड्यात असायचा. दुपारी तो लोखंड आणायला गेला तेव्हा दुसरीनं त्यातला सुपारीएवढा तुकडा आणला. दांड्यावर बोटाबोटाच्या अंतरानं मेणाचे ठिपके दिले आणि प्रत्येक ठिपक्यात गव्हाचा एक एक दाणा रोवला. पातेल्यात पाणी घालून ते चुलीवर ठेवलं आणि दांड्याखाली ताट सरकवलं.

“हे काय मांडलंयस?” आत्याबाई जवळ येऊन बसली. “हात दाखवून अवलक्षण. तिला डिवचू नकोस, सूनबाई.”

“बसा तुम्ही. दात कुठल्या बाजूनं येतात ते बघू.”

बाहेर रणरणतं ऊन होतं. दार लोटून घेतलं होतं तरी फटीतून धूळ येत होती. चुलीतलं लाकूड तडतडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग चुलीजवळचा पहिला दाणा किंचित कलला, ओघळला आणि ताटात पडला. टिक.

आत्याबाईनं दुसरीचं मनगट धरलं.

काही वेळानं त्याच्या पुढचा दाणा. टिक. मग त्याच्या पुढचा. वारा पडला होता, कडीही वाजत नव्हती. त्या खोलीत तेवढाच आवाज होता.

“पावलं आहेत ती,” आत्याबाई कुजबुजली. “येतीय बघ. अशीच यायची, एकेक पाऊल टाकत.”

दुसरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. क्षणभर तिलाही दिसलं, की त्या दांड्यावरून कुणीतरी तिच्या हाताकडं चालत येतंय, घाई न करता, अगदी ठाऊक असल्यासारखं. टिक. पण तिनं नजर हलवली नाही. एकही दाणा मधला सोडून पुढचा पडला नव्हता. हाताकडचा, टोकाचा दाणा सगळ्यात शेवटी पडला.

“दाराकडून नाही आली, आत्याबाई,” ती म्हणाली. “चुलीतून आली. जाळाची ऊब आहे ती. लोखंडातून सरकत सरकत हातापर्यंत येते.”

मग तिनं त्याच पाण्यात घरातली लाकडी पळी उभी केली, तिच्या दांड्यालाही तसेच दाणे लावून. पाणी उकळत राहिलं. पाण्याला लागून असलेला एक दाणा वाफेनं पडला, बाकीचे तसेच चिकटून राहिले. सरपण संपलं तरी राहिले.

“लाकूड बहिरं आहे,” दुसरी म्हणाली. “त्याला इकडचं तिकडं सांगता येत नाही. आमची माती पण तशीच, आतल्या गाठीची. बूड तापलं तरी काठ लवकर कळू देत नाही. लोखंडाच्या पोटात मात्र काही राहत नाही. चुलीनं कानात सांगितलं की हे पार टोकापर्यंत पोचवणार.”

“आणि फडक्यातून चावते ते?”

दुसरीनं दांड्यावर आधी कोरडं फडकं ठेवून हात लावला. ऊब आली, पण सोसवली. मग तेच फडकं भिजवून ठेवलं. ‘स्स्स’ आवाज झाला आणि वाफेचा फटकारा बोटांना बसला. तिनं हात मागं घेतला आणि कपाळाला लावला. माहेरी आव्यातलं मडकं काढताना सगळे ओलं फडकंच वापरायचे, कारण कोरडं पेट घेतं. मातीला ते चालून जायचं. इथं लोखंडाला ओलं फडकं बांधणं म्हणजे चटक्याला गाडी जोडून देणं. इतके दिवस ती स्वतःच जोडून देत होती.

“माझंच चुकत होतं,” ती म्हणाली.

आत्याबाईनं ताटातले दाणे मुठीत गोळा केले. “दाणे पडले ते पडले. म्हणून ती नाहीच, असं थोडंच आहे?” ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. “तिच्या वेळी मात्र ही भांडी कधी कुणाला चावली नव्हती, तेवढं सांगते.”

ते वाक्य खोलीत राहिलं. दुसरीनं पातेलं गार होऊ दिलं, उजेडात नेलं आणि फिरवून बघितलं. दांडा जिथं जोडला होता तिथं चार रिबिटी, म्हणजे ठोकून चपटे केलेले खिळे, होत्या. त्यांच्या बाजूला, काजळीखाली, आणखी दोन गोल वण होते. बुजवलेली भोकं. भाताच्या पातेल्यालाही होती. तव्यालाही.

“आत्याबाई, या भांड्यांना आधी काय होतं?”

“लाकडाच्या मुठी. सुतारानं दिलेल्या, बहिणीला, लग्नात.” आत्याबाईनं सुपारी तोंडात टाकली. “ती गेल्यावर यानं कधी बदलल्या ते मला नाही दिसलं. डोळे माझे असले.”

सुतार पलीकडच्या गल्लीत राहायचा. पहिलीचा थोरला भाऊ. बहीण गेल्यापासून लोहाराच्या अंगणात त्यानं पाऊल ठेवलेलं नव्हतं. नांगराचा फाळ बसवायचा झाला तरी गिऱ्हाईकाच्या हातीच निरोप धाडायचा. दुसरी गेली तेव्हा तो रंधा मारत होता. पायांत भुश्श्याचा ढीग होता. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली.

“बोला, लोहारीणबाई.”

“सुतारदादा, भांड्यांना मुठी करून हव्यात. तीन.”

रंधा थांबला. “कुठल्या भांड्यांना?”

तिनं उजवा तळवा उघडून दाखवला. सुतार त्या आडव्या डागाकडं बघत राहिला.

“त्या भांड्यांना मुठी होत्या,” तो म्हणाला. “तिच्या हाताचं माप घेऊन केल्या होत्या मी. अंगठ्याला खोबण, बोटांना खळगे. ती गेल्यावर दिवस सरले नाहीत तोवर त्यानं त्या उपटून काढल्या. मला एका शब्दानं विचारलं नाही. कुठं टाकल्या, जाळल्या की काय केलं, देव जाणे. लोखंडाचा माणूस.”

“मग नाही करणार?”

“माझ्या हाताच्या मुठी दोनदा जळायला नकोत. जुन्यांचं काय केलं ते आधी विचार त्याला. मग ये.”

ती तिथून थेट भट्टीवर गेली. लोहार नुकताच आला होता आणि विस्तव फुलवत होता. डाव्या हातानं भात्याची दांडी ओढत होता, उजव्या हातात सळई होती. भात्याची दांडी म्हणजे नुसती साखळी आणि तिला अडकवलेलं लोखंडाचं कडं. दुसरी ऐरणीजवळ उभी राहिली. दिवसा कधी ती भट्टीत येत नसे, म्हणून त्यानं भाता थांबवला.

“मुठी कुठं आहेत?” ती म्हणाली.

“कसल्या?”

“तुम्हाला ठाऊक आहे कसल्या. उद्या बाजार आहे. भाऊ गाडी घेऊन येईल. या घरात माझ्या हाताला जागा आहे की नाही, तेवढं मला आज कळू दे. नसली तर मी गाडीत बसेन, भांडण करणार नाही.”

विस्तव राखाडी पडायला लागला होता. लोहार उठला, भात्यामागच्या भिंतीच्या खबदाडात हात घातला आणि जुन्या पोत्याचा एक गुंडाळा काढून तिच्यापुढं ठेवला.

तीन मुठी होत्या. काळपट, गुळगुळीत, तेल पाजल्यागत. काजळी पुसलेली. कुणीतरी त्या अधूनमधून काढून पुसत होतं. तिनं एक उजव्या हातात घेतली. बोटांचे खळगे उलटे आले आणि अंगठ्याला जागाच मिळेना. तिनं फिरवून पाहिली. तरी जुळेना. मग डाव्या हातात घेतली, आणि ती अशी अलगद बसली, की समोरून कुणीतरी हात मिळवल्यासारखं वाटलं. तिनं ती घाईनं खाली ठेवली.

“डावरी होती ती,” लोहार म्हणाला.

“कशाला काढल्या?”

“गार लागायच्या.” त्यानं तळवा धोतराला पुसला. “तापात तिचा हात नुसता फणफणायचा. मी धरून बसायचो. पहाटेला गार लागला. मला वाटलं, ताप उतरला. बरं वाटलं मला. बराच वेळ तसाच बरं वाटून घेत बसलो होतो.”

दुसरी उभीच होती.

“नंतर रांधायला गेलो. भाताखाली एवढा जाळ, पातेल्यात पाणी उकळतंय, आणि मूठ धरली तर गार. तिच्या बोटांचे खळगे, आणि गार. रोज तेच. मग काढून टाकल्या, लोखंड ठोकलं. लोखंड ऊन लागायचं. जित्या माणसाच्या हाताएवढं.”

“ऊन?” दुसरी म्हणाली. तिनं डाग त्याच्यापुढं धरला. “हे ऊन?”

त्यानं तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच, दिवसाउजेडी. त्याचा तळवा बाभळीच्या सालीसारखा होता. वर्षानुवर्षांच्या घट्ट्यांखाली माणूस कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. जो चटका तिचं मांस जाळायचा, तो त्या घट्ट्यांतून उतरता उतरता नुसती ऊब होऊन जायचा.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं? लोहार ना तुम्ही?”

खोटं बोलायला अजून वेळ होता. पण त्यानं तो वेळ जाऊ दिला.

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “आत्या काय काय बोलायची तेही ऐकत होतो. खरं सांगितलं असतं तर दांडे काढावे लागले असते.”

दुसरीनं हात सोडवून घेतला आणि घरात गेली. आपलं लुगडं, माहेरचं मातीचं गाडगं असं एका गाठोड्यात बांधलं आणि गाठोडं उंबऱ्याशी ठेवलं. आत्याबाईनं बघितलं आणि सुपारी कातरायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीतून छिन्नीचे घाव ऐकू आले. दुसरी बाहेर आली. लोहारानं तिन्ही भांडी ऐरणीवर आणली होती आणि रिबिटी तोडत होता. शेवटचा दांडा सुटून खाली पडला तेव्हा तो वाकून त्याच्याकडं बघत राहिला, मग त्यानं तो भंगारात टाकला. बोडकी भांडी आणि पोत्याचा गुंडाळा घेऊन तो सुताराच्या गल्लीकडं चालू लागला. चार पावलं जाऊन थांबला.

“चल,” तो म्हणाला. “माप तुझं द्यायचंय.”

सुतारानं दोघांना दारात बघितलं. गुंडाळा उघडला. एकेक मूठ हातात घेऊन अंगठ्यानं खोबण चाचपली. लोहार भुश्श्यात बसला, सुतार फळीवर बसला. शेवटी सुतारानं डोळे पुसले, भुस्सा गेल्यासारखे, आणि दुसरीकडं वळला.

“हात दे, बाय,” तो म्हणाला. “उजवा ना तुझा?”

त्या दुपारी भावाची गाडी आली. दुसरीनं त्याला पाणी दिलं, मडक्यांचं विचारलं, आईचं विचारलं. त्यानं उंबऱ्याशी गाठोडं बघितलं आणि तिच्याकडं बघितलं.

“ते तसंच असू दे,” ती म्हणाली. “अजून सोडलेलं नाही.” भाऊ रिकाम्या गाडीनं परत गेला.

मुठी बसवून झाल्या. राहता राहिल्या जुन्या. आत्याबाईचं म्हणणं, त्या डोहात सोडाव्यात. सुतार म्हणाला, ज्याच्या घरच्या त्यानं ठरवावं. लोहार तर त्यांच्याकडं बघेचना.

“भाता कुठल्या हातानं ओढता?” दुसरीनं त्याला विचारलं.

“डाव्या.”

तिनं एक मूठ त्याच्या डाव्या हातात ठेवली. खळगे त्याच्या बोटांना लहान होते, पण अंगठा बरोबर खोबणीत गेला. “त्या लोखंडी कड्याच्या जागी ही बसवा,” ती म्हणाली. “तिथं गारच हवी. आणि चुलीवरचं चुलीवर राहू दे.”

संध्याकाळी तिनं चूल पेटवली. दुधाचं पातेलं ठेवलं. पलीकडं भट्टीत मूठ बसवून झाली असावी, कारण जरा वेळानं भाता चालू झाला. रोजचा तुटक, धापा टाकल्यासारखा नाही. सावकाश. भरायचा, थांबायचा, सुटायचा. भरायचा, थांबायचा. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून ऐकावा तसा तो श्वास भिंतीतून येत होता.

आत्याबाईनं मान वर केली. “ऐकलंस?”

“ऐकतेय,” दुसरी म्हणाली.

दूध वर आलं. तिनं फडकं शोधलं नाही. मूठ धरली, पातेलं उतरवलं आणि हात तसाच मुठीवर ठेवून श्वास मोजल्यासारखी बसून राहिली. मूठ गार होती. अजून ती कुणाच्याच हाताची झाली नव्हती. नुसतं लाकूड होतं, कडा जरा टोचत होत्या. झिजायला वेळ लागेल, असं सुतार म्हणाला होता.